गुणाकाराची पट्टी

कानाच्या तपासणीचा आलेख समोर आला की बाई आधी त्यावर तळहात ठेवायच्या. सगळी रेघ झाकून टाकायच्या. डावीकडची आकड्यांची कड तेवढी उघडी राहायची. मग समोरच्याला म्हणायच्या, "आधी पट्टी वाचा. रेघ नंतर."

समोर साहेब असो नाहीतर प्रेसवरचा हेल्पर, तळहात तोच. आणि माणूस घाईने आकडे वाचून "हं, वाचले" म्हणाला की पुढचं वाक्यही ठरलेलं, "ही पट्टी बेरजेची नाही, गुणाकाराची आहे." तेवढं म्हणून मगच त्या हात उचलायच्या.

चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढतात. मी तिथे सेफ्टी ऑफिसर. प्रेस शॉपमधल्या सगळ्यांचे कान वर्षातून एकदा तपासायचे असतात, त्यासाठी त्या चिंचवडहून स्वतःची व्हॅन घेऊन यायच्या. व्हॅनच्या मागच्या भागात बाहेरचा आवाज शिरणार नाही अशी कपाटाएवढी खोली होती. माणसाला तिच्यात बसवायचं, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. ऑडिओलॉजिस्ट हा शब्द पोरांना कधी जमला नाही. त्यांच्यासाठी त्या 'कानवाल्या बाई'. एकदा गेटवरून मला फोन आला, "सर, कानवाल्या बाई आल्यात." मागून त्यांचाच शांत आवाज, "दोन्ही कानवाल्या म्हणावं."

त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. प्रेस शॉपची माणसं कँटीनमध्येसुद्धा ओरडून बोलतात, हे तुम्ही कुठल्याही कारखान्यात पाहिलं असेल. बाई त्या गोंगाटात येऊन बसायच्या आणि प्रत्येकाला हळूच उत्तर द्यायच्या. ऐकायचं म्हणून समोरचा पुढे झुकायचा, आपला आवाज खाली आणायचा. जेवण संपेपर्यंत त्यांच्या टेबलावरची सगळी माणसं लग्नाची बोलणी चालल्यासारखी कुजबुजत असायची.

एकदा मी त्यांना कामगारांच्या वर्गासाठी बोलावलं. आवाज डेसिबलमध्ये मोजतात, एवढं सगळ्यांच्या कानावरून गेलेलं. एकाने विचारलं, "बाई, डासाचा आवाज तीस आणि आमच्या प्रेसचा नव्वदच्या आसपास. म्हणजे तीन डासांएवढाच झाला की." सगळे हसले. बाईही हसल्या. मग खडू घेऊन त्यांनी फळ्याच्या अगदी खाली बोटभर उंचीची रेघ काढली. "हा डास. आता साध्या पट्टीवर तुमचा प्रेस काढायचा तर खांब इथून निघेल आणि पुण्याच्या पुढे जाऊन संपेल. फळा पुरणार नाही, म्हणून दर दहा आकड्यांना एक पायरी धरायची आणि दर पायरीला दहापट मोजायचं. पट्टीवर पायरी चढताना पाय दुखत नाहीत, पण वर गेलेली उंची खरी असते."

त्या दिवशी सगळ्यांना मजा वाटली. ती पायरी कुणाच्या अंगावर येईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी प्रेस शॉपमध्ये नवी लाइन आली. जुन्या लाइनवर आवाज अठ्ठ्याऐंशी होता, नवीवर चौऱ्याण्णव भरला. मी वर कळवलं. उत्तर आलं, सहाचाच तर फरक आहे, इअरप्लग वाटा. इअरप्लग वाटले. पण त्या लाइनवर मध्ये यंत्रं आडवी येत, एकमेकांना खुणेनेसुद्धा सांगणं जमत नसे, पत्रा अडकला की ओरडावंच लागे, आणि ओरडलेलं ऐकायला पोरं कानातलं काढून खिशात टाकत.

बाई तपासणीला आल्या त्या दिवशी माझं तिथे काम नव्हतं, सही घ्यायला म्हणून व्हॅनपाशी गेलो होतो. आत बालाजी बसला होता. लातूरकडचा, ठेकेदाराच्या पटावरचा, पण त्या लाइनचा सगळ्यात तयार माणूस. काचेतून तो दिसत होता. बटण दाबत होता, थांबत होता, पुन्हा दाबत होता.

बाईंनी मला बोटाने जवळ बोलावलं आणि यंत्राकडे दाखवलं. यंत्र बंद होतं.

बालाजी बटण दाबत होता. आत कुठलाच आवाज नव्हता आणि तो नेमाने, जणू ताल धरल्यासारखा दाबत होता. मध्येच डोळे मिटून ऐकल्यासारखं करायचा. बाईंनी त्याला दाबू दिलं. मग उठून त्यांनी दार उघडलं आणि त्याच्या कानावरचा हेडफोन स्वतःच्या हाताने उतरवला.

"बालाजीभाऊ, मी आवाज बंद केला होता."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तोंड एवढंसं झालं.

"पुन्हा करू," बाई म्हणाल्या. "या वेळी जेवढं ऐकू येईल तेवढंच."

पुन्हा केलं. तो कामावर लागला तेव्हाचा आलेख त्यांच्याकडे होता. त्यावर त्यांनी आजची रेघ काढली. बारीक, उंच आवाजांच्या जागी रेघ खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली होती. त्यांनी सवयीने वर तळहात ठेवला.

बालाजी थांबला नाही. "म्याडम, तेवढं फिट लिहा की. काँट्रॅक्टवर हाय मी. कान गेला म्हणल्यावर ठेकेदार उद्या दुसरा आणून उभा करतोय बघा. आन् लई न्हाई गेलेलं. तिसाचाच फरक हाय न्हवं? शंभरातले तीस. सत्तर तर हायेत."

"पट्टी वाचा," त्या म्हणाल्या. "ही बेरजेची नाही. तीस म्हणजे किती पायऱ्या?"

"तीन."

"दर पायरीला?"

"धापट." तो बोटांवर मोजू लागला. "धा. शंभर." तिसऱ्या बोटावर तो थांबला. व्हॅनमध्ये आम्ही तिघेच होतो आणि बाहेरून प्रेसचे ठोके भिंतीतून अस्पष्ट येत होते.

"हजार?"

"हो. आधी जेवढ्या ताकदीचा आवाज तुम्हाला पुरत होता, त्याच्या हजारपट आता लागतो. सगळ्या आवाजांना नाही. हे इथले, बारीक आवाज. स, श, फ, असली अक्षरं."

तो कागदावर वाकला. मग म्हणाला, "पोरगी बोलती माझी, साडेतीन वर्साची हाय. आवाज येतो, काय म्हणती ते कळत न्हाई. मला वाटलं, लहान हाय, बोबडं बोलत असंल. बायको म्हणती, तुमचं ध्यान नसतं घरात."

बाईंनी हात उचलला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. "मी खोटं लिहिणार नाही, बालाजीभाऊ," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या एकट्याचंही लिहिणार नाही."

पुढचे दोन दिवस त्यांनी त्या लाइनवरच्या प्रत्येकाला पुन्हा बसवलं. कुणी खोटं दाबलं की न रागावता नव्याने सुरू करायच्या. शेवटी सगळ्यांच्या रेघा त्यांनी एकाच कागदावर काढल्या, नावांशिवाय. कुणाचा खड्डा उथळ, कुणाचा खोल, पण सगळ्यांचा एकाच जागी. त्यातला एक सगळ्यात खोल.

मीटिंगला प्लांट हेड साहेब होते, एचआरचे मॅनेजर होते, मी होतो आणि बाई. साहेब वाईट माणूस नव्हते. प्रेस शॉपमधूनच वर आलेले. पण त्या महिन्यात गाडी कंपनीला माल कमी पडत होता, रोज सकाळी फोन यायचे आणि साहेबांचे डोळे लाल असायचे.

त्यांनी कागद ओढून घेतला. बाईंना तळहात ठेवायची संधीच मिळाली नाही.

"ह्यात एवढं काय आहे?" ते म्हणाले. "अठ्ठ्याऐंशीचे चौऱ्याण्णव. आणि ह्या रेघा, थोड्या खाली गेल्यात. आवाज अडवायला लाइनभोवती कव्हर बांधायचं म्हणजे लाइन बंद ठेवावी लागेल. एवढ्याशा चढासाठी?"

"साहेब, ही पट्टी गुणाकाराची..."

"मॅडम, मी इंजिनिअर आहे. लॉगरिदम मला येतो."

"येतो, साहेब," बाई म्हणाल्या. "दिसत नाही एवढंच."

एचआर मॅनेजरने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. बाईंची व्हॅन आता गेटबाहेर.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या सिव्हिलवाल्यांकडे लांब टेप असेल ना, जमीन मोजायचा? मागवता?"

टेप येईपर्यंत साहेब मोबाइल बघत होते, पण बोट हलत नव्हतं. टेप आला तसं बाईंनी त्याचं टोक साहेबांच्या पुढ्यात टेबलावर धरलं आणि मला दाबून ठेवायला सांगितलं. पहिल्या सेंटिमीटरवर नख ठेवलं.

"यातला एक जण कामावर लागला तेव्हा त्याला एवढा आवाज पुरत होता. एक सेंटिमीटर. आता साध्या पट्टीवर जाऊ." आणि टेप उलगडत त्या चालू लागल्या. टेबलाच्या कडेने, दारातून बाहेर, पॅसेजमध्ये. दिसेनाशा झाल्या. टेप माझ्या अंगठ्याखाली ताणला जात होता, थरथरत होता. बाहेर त्यांच्या चपलांचा आवाज लांब जात राहिला. मग थांबला.

"इथे," जिन्याजवळून त्यांचा आवाज आला. ओरडल्या नव्हत्या, म्हणून नीट ऐकायला साहेबांना मान वळवावी लागली. "आता त्याला इथपर्यंत लागतो."

साहेब उठून दारापर्यंत गेले. टेपच्या कडेने पाहत उभे राहिले. बाई परत आल्या, टेप गुंडाळला आणि बसल्या.

"कागदावर मावत नाही म्हणून ही पट्टी काढली, साहेब. कागद वाचवायला. काळजी वाचवायला नाही. सहा आकड्यांचा चढ म्हणजे त्या लाइनवर आवाजाची ताकद चौपट. आपले कानही असेच, गुणाकार झाला तरी त्यांना वाटतं थोडंच वाढलंय. म्हणून कुणी तक्रार करत नाही."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बघतो," एवढंच म्हणाले. मीटिंग संपली. बाहेर पडताना एचआर मॅनेजरने माझ्या कानाशी विचारलं, "तो खोल खड्ड्यावाला कोण?" मी म्हटलं, "नावं नाहीत त्यात." तो म्हणाला, "राव, त्या लाइनवर ओरडल्याशिवाय वळून न बघणारा एकच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या शिफ्टला बालाजीचं कार्ड गेटवर चाललं नाही.

मी पोहोचलो तेव्हा तो बाजूच्या कट्ट्यावर डबा मांडीवर घेऊन बसला होता. ठेकेदाराचा सुपरवायझर नजर चुकवत होता. "वरून सांगितलंय, काही दिवस थांबवा," एवढंच त्याला माहीत. मी फोन लावत होतो, कुणी उचलत नव्हतं. तेवढ्यात बाईंची व्हॅन आली. उरलेल्या डिपार्टमेंटची तपासणी होती. त्यांनी काच खाली करून बालाजीला पाहिलं, मला पाहिलं आणि सगळं समजल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी त्या एकाच वेळी पाहिला.

"टेपमुळे," त्या म्हणाल्या. "मी यांना एकट्याला वेगळं काढून दाखवलं."

त्यांनी व्हॅन तिथेच बाजूला लावली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि बालाजीशेजारी कट्ट्यावर जाऊन बसल्या. सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, तुमचा गेट पास तयार आहे." त्या म्हणाल्या, "यांचं झालं की."

शिफ्ट आत जात होती. त्या लाइनवरची माणसं एकेक करून समोरून गेली. प्रत्येकाने वळून पाहिलं. आपण खरं बटण दाबलं त्याचं काय होतं, ते सगळे बघत होते.

साहेबांची गाडी आली. काच खाली झाली. "मॅडम, हे काय?"

बाई उठून काचेपाशी गेल्या. "साहेब, आज मी आत आले तर उरलेली सगळी माणसं खोटं बटण दाबतील. तुमचा रिपोर्ट अगदी छान येईल. तसा रिपोर्ट मला काढता येणार नाही. दुसरं कुणी बघा."

मागे ट्रकने हॉर्न वाजवला. साहेबांनी बाईंच्या पलीकडे, बालाजीकडे पाहिलं. तो डबा धरून उभा राहिला होता.

"किती वर्षं झाली तुला?" साहेबांनी विचारलं.

बालाजी त्यांच्या ओठांकडे बघत होता. ट्रक पुन्हा वाजला. "लातूर, सर," तो म्हणाला. "लातूरचा हाय मी."

एरवी यावर गेटवर हशा पिकला असता. कुणी हसलं नाही. साहेबांनी गाडीतून उतरून दार लावलं, त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या कानाशी वाकून पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "सहा." साहेब तसेच वाकलेले राहिले. मग सिक्युरिटीवाल्याला म्हणाले, "आत घ्या त्याला." आणि माझ्याकडे न बघता, "डिस्पॅचला लावा. पटावरून नाव हलता कामा नये. बाकी नंतर बोलू."

बालाजी आत गेला. बाईंनी व्हॅन सुरू करायला किल्ली काढली, ती त्यांच्या हातातून दोनदा खाली पडली. दुसऱ्या वेळी मीच उचलून दिली. "घाबरले होते हो," त्या म्हणाल्या. "माझ्या महिन्याचं निम्मं काम तुमच्याच कंपनीचं आहे."

दिवाळीच्या बंदमध्ये नव्या लाइनभोवती कव्हर बसलं. बाई मोजायला आल्या. चौऱ्याण्णवचे चौऱ्याऐंशी झाले होते. एका ऑपरेटरने आकडा बघितला आणि आपणहून म्हणाला, "म्हणजे दहावा भाग राहिला." बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात शेवटच्या बाकावरच्याने बरोबर उत्तर दिल्यावर शिक्षिका पाहतात. बालाजीचा कान मात्र परत येणार नव्हता. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, हे त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं. कानात घालायचं यंत्र त्यांनीच बसवून दिलं. पहिले काही दिवस तो ते डिस्पॅचमध्ये काढून ठेवायचा. खोक्यांवर टेप लावतानाचा चर्रर आवाज सहन होत नाही म्हणायचा. "एवढं बारीक वाजतं सगळं? मला म्हाईतच न्हवतं." घरी मात्र घालून बसायचा. पोरगी बोबडं बोलत नाही, चांगली चुरूचुरू भांडते, असं त्याने मला एकदा तक्रारीच्या सुरात सांगितलं.

पुढच्या वर्षी व्हॅन आली ती वेगळी होती. सगळ्या तपासण्या, डोळे, रक्त, कान, एकाच एजन्सीकडे दिल्या होत्या. कारण व्यवस्थित होतं, सही साहेबांचीच होती. मी बोललो, साहेब म्हणाले, "तुम्हाला वाटतं तसं काही नाही." असेलही. नवा मुलगा चटपटीत होता, चटचट तपासून मोकळा करायचा. प्रेस शॉपची माणसं बटण हातात घेऊन त्याच्याकडे बघायची. "बाई न्हाई आल्या?" एवढंच विचारायची.

मी फोन केला होता. त्या म्हणाल्या, "बरं चाललंय. आता माझे पेशंट फार लहान आहेत. बटण दाबत नाहीत, त्यामुळे खोटंही बोलत नाहीत."

त्यानंतर काही वर्षांनी माझ्या भाचीला मुलगी झाली. चिंचवडच्या एका दवाखान्यात. सोडायच्या आधी बाळाचे कान तपासतात म्हणून आम्हाला तळमजल्यावरच्या खोलीकडे पाठवलं. दार अर्धवट उघडं होतं. आतला दिवा मंद केलेला. आधीच्या कुणाचं तरी बाळ आईच्या मांडीवर झोपलेलं, त्याच्या कपाळाला आणि कानामागे बारीक तारा चिकटवलेल्या; ही तपासणी बाळ झोपेत असतानाच होते. शेजारी स्टुलावर बाई. केस पुष्कळ पांढरे झाले होते. पडद्यावर हिरवी रेघ हलत होती, पण त्यांची नजर पडद्याकडे नव्हती. बाळाने झोपेत तोंड हलवलं तशा त्या थांबल्या. ते पुन्हा शांत होईपर्यंत हात जिथल्या तिथे धरून बसल्या.

मी हाक मारणार होतो. माझी भाची दारातच थांबली, तिच्या हातातल्या बाळाने तेवढ्यात कुठे डोळे मिटले होते. बाईंनी मान वर केली. त्यांनी मला ओळखलं की नाही, त्या अंधुक उजेडात कळलं नाही. त्या उठल्या, अनवाणी पावलांनी दारापर्यंत आल्या आणि कडीचा आवाज होऊ न देता दार लावून घेतलं.